तलावाच्या ठरावावरील सही

केशोरीजवळच्या एका गावात धुरपताबाई शहारे चार वेळा ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. पहिल्यांदा १९९७ साली राखीव जागेवरून, शेवटी खुल्या जागेवरून. त्या काळाच्या दप्तराचा बराच भाग वाळवीने खाल्ला आहे. उरलेल्यातून एवढे निश्चित सांगता येते, की त्यांच्या वस्तीचा रस्ता, हातपंप आणि अंगणवाडीची खोली या तिन्ही ठरावांच्या सूचक त्याच होत्या. धानाची रोवणी चालू असलेल्या बांधीतून, शेतातूनच, त्या थेट सभेला येत, असे लोक सांगतात. दप्तरात याची नोंद असण्याचे कारण नाही.

सभेची एक रीत मात्र दप्तरावरूनही ओळखू येते. सभा सुरू होताच ठरावाची वही फिरे. सदस्य कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या करीत आणि सचिव मजकूर मागाहून सवडीने लिही. साक्षरता वर्गात सही शिकलेल्या धुरपताबाईंना त्यात कधी काही वावगे वाटले नाही.

२००९ च्या एका सभेत तलावाचा पश्चिमेकडचा उथळ भाग बुजवून बाजारगाळे बांधण्याचा विषय निघाला. त्या कडाडून विरोधात बोलल्या. वहीत मात्र लिहिले गेले, ‘सर्वानुमते मंजूर’. पुढे काम रखडले आणि विषय विसरला गेला. यंदा नवे सरपंच भूपेंद्र यांनी तोच ठराव बाहेर काढला. ग्रामसभेत तो वाचून लगेच काम सुरू व्हायचे होते.

मासळीची पिल्ले त्या उथळ पाण्यातच वाढतात. तलावावर पोट असलेला दुधराम ढीवर ठरावाची नक्कल घेऊन धुरपताबाईंच्या अंगणात आला.

“काकी, कायले सही केलीस वं? तूच तर भांडली होतीस!”

“भांडली होती बापा. वहीत काय लिवलं ते पाह्यलं कोनं?”

“मंग सही खोटी आहे म्हन. कोन तपासते?”

“सही माहीच आहे. खोटी कशी म्हनू?”

दुधराम गेल्यावर त्या मनाशी हिशेब मांडू लागल्या. पान कोरे होते, हे खरे सांगितले तर तलाव वाचेल कदाचित. पण मग वस्तीच्या रस्त्याचा ठरावही तसाच कोऱ्या पानावरचा ठरेल, आणि रस्त्याच्या जागेवर हक्क सांगणारा शेजारी तर वकील शोधत होताच.

ग्रामसभेत ठराव वाचून झाला, तशा त्या उठल्या. “ही सही माही आहे. सही केली तवा पान कोरं होतं.”

मागच्या रांगेत कुणी तरी हसले. भूपेंद्र शांतपणे म्हणाले, “मग बाई, तुमच्या रस्त्याच्या ठरावाचंही तसंच का?”

वस्तीतल्या बायांमधून आवाज आला, “बस वं माय, खाली बस!”

“हो,” धुरपताबाई म्हणाल्या. “त्याचंही तसंच. पन रस्ता मी भांडून मागतला, तलावाले नाही म्हटलं, हे दोन्ही साऱ्यायनं आपल्या कानानं आयकलं. वही उलटं बोलून राहिली, तर मानसायले इचारा.”

त्यांच्या वेळचे सदस्य बकाराम काठी टेकत उठले. “माही सही बी कोऱ्यावरच आहे. बाई इरोधात बोलली होती. मी बाजूलेच बसलो होतो.”

हात वर झाले. तलावाचे काम तूर्त सुरू न करता विषय पुन्हा चर्चेला घ्यावा, असे ठरले. रस्त्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही; शेजारी मात्र मोबाइलवर वहीच्या पानांचे फोटो घेत होता.

ग्रामसेवकाने पेन उघडले. “काय लिहू, बाई? ‘धुरपताबाईंचे निवेदन’ असं?”

“कबुली लिव. आन लिवून झालं, का सहीच्या आधी वाचून दाखव.”

वस्तीतल्या बाया त्यांच्यासाठी न थांबताच निघून गेल्या होत्या. ग्रामसेवक वाचू लागला. धुरपताबाई खाली मान घालून एकेक ओळ ऐकत राहिल्या.