गच्चीवरचा मुकादम

आम्हा अकरा पोरांना पुरातून न्यायला आलेली होडी मी परत पाठवली. कारण काय, तर तिच्यात आधी कोणी बसायचं हे मला न विचारता ठरलं होतं.

ठरवणारा होता मुकादम. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहात तो नववीत, मी दहावीत. त्याचा बाप बीडकडून ऊसतोडीची टोळी घेऊन यायचा. फडाफडांवर फिरताना पोराची शाळा बुडायची, म्हणून त्याला इथं ठेवलेलं. टोळी ट्रॅक्टरात चढली की माणसं मोजायची ही बापाची सवय पोरात उतरली होती, म्हणून आम्ही त्याला मुकादमच म्हणायचो. जेवायला बसताना, आंघोळीहून येताना तो प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून मोजायचा. कोणी वैतागलं तर म्हणायचा, "राहिलं एखादं तर? मागं वळून कोण येतंय?"

याला वीस वर्षं होत आली. पाणी चढायला लागलं तेव्हा बहुतेक मुलं घरी गेली होती, आम्ही अकराच उरलो होतो. "मोठ्यांनी लहानांकडं बघा," असं सांगून गृहपाल सर होडी आणायला गेले आणि पलीकडंच अडकले. तळमजला बुडाला, आम्ही गच्चीवर चढलो. मोठ्यांनी म्हणजे नेमकं कोणी, हे सर सांगून गेले नव्हते. मी तालमीतला गडी. असले प्रश्न सोडवायची एकच रीत मला ठाऊक होती. भर पावसात गच्चीवर कुस्त्या लावल्या, चौघांना पाडलं आणि स्वतःला मुख्य जाहीर केलं. मुख्य झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर वाचवलेल्या तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसलो. मुकादमाला म्हटलं, "ये की, धर." तो म्हणाला, "मला पाडून पाणी उतरणार असंल तर हा बघ, आत्ता पडतो."

त्याला पोहता येत नव्हतं. त्याच्या गावात पाणी टँकरनं यायचं. इतकं पाणी बघून त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि भीती लपवायची अक्कलही त्याला नव्हती. "मला लई भ्या वाटायलंय," तो सरळ सांगायचा. तरी लहान पोरं त्यालाच चिकटायची, मला नाही.

दुसऱ्या दिवशी खालून ठोके ऐकू यायला लागले. पायाखालच्या स्लॅबला आतून कोणी धडका देत असल्यासारखे. मला काय कळतंय? पण मी ठोकून दिलं, "खाली हडळ हाय. ऐकणार न्हाय त्याला जिन्यानं खाली सोडीन." पोरं एकमेकांना चिकटून बसली. दरारा असा बसला की मलाच कोपऱ्यात लघवीला एकट्यानं जायचा धीर होईना. मुकादम मात्र भिंत धरून पाणी लागेपर्यंत जिना उतरला. वर येऊन म्हणाला, "अभ्यासाच्या खोलीतली बाकडी हायती. तरंगून छताला लागायलीत." माझं राज्य तिथंच संपायला हवं होतं. मी उलट त्याच्या वाटणीचे भिजवलेले तांदूळ बंद केले.

तिसऱ्या दिवशी सलीम तापानं फणफणला. पाचवीतलं पोरगं, बाप इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. सकाळी तो आम्हाला ओळखेना. तेवढ्यात होडी आली, चौघांपुरती. होडीवाला भिंतीचा पाइप धरून ओरडला, "लवकर या, पाण्याला वड लई हाय." मुकादमानं सलीमला चादरीत बांधून कठड्यावर घेतलंही होतं. मी चादर पकडली.

"कोण जाणार ते मी ठरवणार."

"ठरव. आधी ह्याला खाली जाऊ दे, मग बसून ठरव."

मी चादर सोडली नाही. इकडून मी ओढतोय, तिकडून तो, मध्ये पोरगं. होडीवाल्याच्या हातातला पाइप निसटला. वाहत जाता जाता तो म्हणाला, "ठरू द्या पावणं तुमचं. मग येतो."

तो आला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर गच्चीचं पाणी जायच्या भोकांतून पुराचं पाणी वर यायला लागलं होतं. माझे चार पैलवान रडत मुकादमाजवळ जाऊन बसले. सलीमचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मुकादम त्याच्या कपाळावर ओला बनियन ठेवून त्याच्याशी बोलत राहिला आणि मधूनमधून उठून डोकी मोजत राहिला. पोत्यापाशीही आला. मी तोंड फिरवलं. त्यानं माझ्या डोक्याला बोट लावलं, "अकरा," म्हणाला आणि परत गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सलीम वाचला, पण एक कान कायमचा गेला. एक दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर त्याच्या आईला म्हणाले. मी दाराशीच उभा होतो. मुकादमाला त्याचा बाप येऊन घेऊन गेला. पाण्याच्या गावात पोरगं ठेवणार नाही म्हणाला. वसतिगृहाचे कागद पुरात गेले. त्याचं गाव कोणतं, हे विचारायचं चार दिवसांच्या राजाला कधी सुचलंच नव्हतं.

गेल्या हंगामात सलीमचं लग्न ठरलं. त्याच्या आईनं, चाचींनी, मुकादमाची पत्रिका माझ्याकडं दिली, कारण "शोधून आणतो की, चाची," असं मीच छाती फुगवून बोललो होतो. जयसिंगपूरपासून पुढं जेवढे साखर कारखाने, तेवढ्या ऊसतोड्यांच्या झोपड्या पालथ्या घातल्या. पोहता न येणारा, माणसं मोजणारा मुकादम कुठं आहे का, असं विचारलं की बायका पदराआड हसायच्या.

लग्नाला मी एकटाच गेलो, त्याची पत्रिका खिशात तशीच. चाचींनी माझ्या मागं कोणी येतंय का ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जेवणं सुरू झाली होती. कडेला एक ताट वाढलेलं, समोर कोणी नाही. मी ओशाळून तिथंच बसायला वाकलो.

"तितं नगं बसू," चाची म्हणाल्या. "ते त्येचं हाय. तू तिकडं पंगतीत बस जा, तुझ्यासारखी लई हायती तितं."