चार ठिकाणी संदर्भ

माझ्या बायकोनं, शालननं, माझ्याबरोबर शेवटचं काम केलं ते एका डॉक्टरणीच्या थीसिसची पानं लावायचं. लावताना आम्ही भांडलो. भांडण रोजचंच, त्यामुळं त्यात नवल काही नव्हतं.

सांगलीत आमचं बाइंडिंगचं दुकान. मी सातवी नापास, शालन माझ्याहून मागं. पण मेडिकलवाल्यांचे थीसिस आमच्याकडंच यायचे. थीसिस म्हणजे पीएच.डी.साठी लिहिलेला प्रबंध. जुन्या पद्धतीचा असला की त्याची चाल आम्हाला झोपेतही ठाऊक. आधी प्रस्तावना, मग आधीच्या लोकांनी काय लिहून ठेवलंय त्याची हकिकत, मग काम कसं केलं, काय सापडलं, आणि अगदी शेवटी संदर्भ, म्हणजे कुठल्या पुस्तकांतून काय घेतलं ते. वरून काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. उचलला की मनगट दुखलं पाहिजे. लायब्ररीतले जुने थीसिस दुरुस्तीला यायचे तेव्हा बघायचो. पानं कोरी करकरीत. आतपर्यंत पोचलेली फक्त वाळवी.

मधुरा मॅडमचा थीसिस निराळा. विषय ऊसतोड बायकांच्या कंबरदुखीचा, आणि जाडी बघाल तर लग्नाच्या अल्बमएवढीसुद्धा नाही. बरोबर त्यांचे गाईड आले होते, म्हणजे कामावर देखरेख करणारे सर. सरांनी सही केली होती, पण तोंड कडूच होतं.

"हा काय प्रबंध? वहिनी, आमचा बघायला हवा होता. उशाला घेता यायचा."

"मग सर, कुणी उघडला का त्यो?" शालन म्हणाली. "का नुसतंच झोपलासा त्याच्यावर?"

मॅडम हसल्या. सर उगाच खोकले.

"काका, जुना प्रबंध म्हणजे एक मोठं पुस्तक," मॅडमनी मला समजावलं. "बाहेरचं माणूस ते पहिल्यांदा वाचतं परीक्षेच्या वेळी. माझे हे चार निबंध आधीच जर्नलमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या मासिकांत, छापून आलेत. पुढं प्रस्तावना, मागं समारोप, झाला थीसिस."

"म्हंजे वरात आधी आणि लगीन मागनं," मी म्हणालो.

"तसंच म्हणा."

"सोपं झालंय आता सगळं," सर म्हणाले.

"सर, तुमचं काम एकदाच तपासलं. माझं चार ठिकाणी तपासलं, आणि प्रत्येकानं निदान एकदा तरी तोंडावर फेकलं."

सर त्याच आठवड्यात लेकाकडं परदेशी निघाले होते. म्हणून त्यांच्या सहीची प्रत आधी बांधायची ठरली.

ती दोघं गेली आणि आम्ही पानं लावायला बसलो. शालनला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण इतक्या वर्षांत 'रेफरन्सेस' हा शब्द तिला चेहऱ्यानं ओळखू यायचा.

"आवं, संदर्भ चार ठिकाणी आल्यात."

"असू दे की."

"असू दे कसं? संदर्भ मागं असत्यात. पोरीनं घाईत कुठंबी घुसडल्यात. मास्तर आधीच नाक मुरडाय लागलाय, त्याला आयतं गावंल."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला लय कळतंय!"

मी वाकून बघितलं. पानांचे नंबरही प्रत्येक निबंधाचे आपापले, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मला पटलं. आम्ही चारही संदर्भ उपसून शेवटी लावले. सुट्ट्या पानांना कडेनं भोकं पाडून शिवतात. ती शिलाई शालनचीच. दाभणानं तिनं ओढलेला टाका पान फाटलं तरी सुटायचा नाही. शिवून झालं, पुठ्ठा चढवला, शिकंज्यात दाबून ठेवला.

संध्याकाळी भाकरीला पीठ घ्यायला उठली आणि डब्याजवळच खाली बसली. डॉक्टरांचं एवढं येणंजाणं दुकानात, त्यांतला एकसुद्धा तेव्हा जवळ नव्हता.

शालनचं तेरावं होईपर्यंत मॅडमनी फोनसुद्धा केला नाही. सबमिशनला, म्हणजे थीसिस जमा करायला, एकच दिवस राहिला तेव्हा आल्या. आधी माझ्याजवळ बसल्या. मग थीसिस चाळला आणि शेवटची पानं पुन्हा पुन्हा उलटू लागल्या.

"काय झालं?"

"काका, संदर्भ हलवलेत का?"

"चुकून चार ठिकाणी आलते. मागं घेतलं."

त्यांनी कपाळावर हात मारला नाही, एवढं त्यांचं मोठेपण. "प्रत्येक निबंध आपल्या पायावर उभा असतो, काका. चार बिऱ्हाडं, चार चुली. या निबंधातला पाच नंबरचा संदर्भ त्याच्याच यादीत बघायचा. सगळ्या चुली एकाच घरात नेल्या तर बाकीची घरं उपाशी."

"उसवून देतो. भोकं तीच, पानं तेवढी बदलायची."

"ही शिलाई काकूंची ना?"

"व्हय. शेवटची."

"मग राहू द्या. मी तशीच देते. ऑफिसात सांगेन."

"आणि परत पाठवला तर?"

"बघू."

"बघू काय? सर तिकडं, त्यांची सही ह्यात. परत आला तर तुमची इतकी वर्षं पाण्यात. आणि ही शिलाई जपून मी काय करू? देव्हाऱ्यात ठिवून हळद-कुंकू वाहू?"

त्या रडल्या. मला राग आला. रडायचं मला, आणि रडतंय कोण!

धंद्यातलं शहाणपण एवढंच सांगतो. पाहुणा नवा असला की त्याच्या जेवायच्या सवयी आधी विचाराव्यात. आम्ही त्याला न विचारताच आमच्या पंगतीत बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, चहा केला. साखर जास्त पडली, पण बोलणारं कुणी नव्हतं. पुठ्ठा सोडवला, ब्लेड घेतलं आणि शालनचा दोरा कापला. एका झटक्यात तुटेना. चारही संदर्भ आपापल्या घरी नेऊन ठेवले. मग दाभणात दोरा ओवला आणि तिनं पाडलेल्या पहिल्या भोकातून आत घातला.