नशीब, डावाच गेला

नऊ मार्च. घरात जीव चार : तीन चालते, एक बसलेला.

बसलेल्या बाईला कपड्यांच्या कारखान्यात सगळे 'कात्री' म्हणत. कापड बेतण्यातल्या सफाईमुळे, आणि तितक्याच धारदार जिभेमुळे. अर्धांगवायूने तिची जीभ सोडली, डाव्या पायाबरोबर डावा हात मात्र नेला. भेटायला येणारा प्रत्येकजण उसासा टाकून एकच सांगे, "नशीब, डावाच गेला!" नवराही मान डोलावी. बाई डावखुरी होती. तीस वर्षे तिच्या कमाईवर निवांत जेवलेल्या या गृहस्थाला ती कमाई कोणत्या हाताची, हे पाहण्याची सवड मिळाली नव्हती.

रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तिला एक चाकाची खुर्ची वापरायला दिली. खुर्चीच्या डाव्या बाजूला दांडा. लुळा हात त्याच्या मुठीला पट्ट्याने बांधून तो पुढे-मागे रेटला की खुर्ची सरके. नऊ मार्चला ताई येऊन बघणार होत्या. हातात काही जीव आला असेल तर खुर्ची राहील. नाहीतर ती दुसऱ्या रुग्णाकडे जाईल, आणि कारखान्यात परतण्याची आशाही तिच्याबरोबर.

खुर्ची मुंगीच्या पावलांनी सरके. घरच्यांना ते बघवेना. प्रेमळ माणसांना दुसऱ्याचे कष्ट बघवत नाहीत. स्वतःचा खोळंबा तर मुळीच नाही. लेकाने पाना आणला आणि दांडा काढून उजवीकडे बसवला.

"अरे शहाण्या, तो डावीकडेच हवा."

"आई, डावा हात चालत नाही ना तुझा?"

"म्हणूनच!"

"आजारपणानं हट्टी झाल्यात," सूनबाई हळूच म्हणाली; हळू म्हणजे शेजारी ऐकू जाईल इतकेच.

तेव्हापासून खुर्ची घरभर भरधाव फिरू लागली, आणि डावा हात दीड महिना मांडीवर चिंधीसारखा पडून राहिला.

नऊ तारखेला ताई आल्या. लेकाने छाती फुगवली. "बघा, कशी पळते!"

ताईंनी बघितले, पाना मागितला, दांडा पुन्हा डावीकडे बसवला. "आता रेटा, काकू."

तिने दांडा रेटला. खुर्ची ढिम्म. नवरा लगबगीने मागे गेला आणि ढकलू लागला.

"हात काढा, काका."

"जरा मदत केली हो!"

"तुमच्या मदतीनंच दीड महिना खाल्ला माझा," कात्री मागे न बघता म्हणाली. दात आवळून तिने खांद्यातून सगळा जोर लावला. खुर्ची एका फरशीएवढी सरकली.

"राहू दे खुर्ची," ताई म्हणाल्या.

"आणि तो पाना माझ्या मांडीखाली ठेवा," कात्री म्हणाली.

संध्याकाळी नवरा शेजाऱ्याला सांगत होता, "आम्ही सगळ्यांनी फार मेहनत घेतली." लेकाने पुस्ती जोडली, "पण उजवीकडूनच बरी पळत होती."

खुर्ची राहिली. डाव्या हाताचा दीड महिना कोणी भरून दिलेला नाही. माफीही बाकी आहे.