कवीच्या घरातला गवंडी

रत्नागिरीच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली. माझा नवरा कॅलम सामान चढवत होता. आप्पा माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाले, "कोणी विचारलं तर गवंड्याला दिली म्हणू नकोस. कवीच्या घरात दिली म्हण."

कॅलम स्कॉटलंडचा, दुबईत बांधकामं करणारा. त्याच्या पणजोबांचे चुलतभाऊ तिकडचे नावाजलेले कवी. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या आप्पांनी त्या एका नात्याच्या जोरावर हे लग्न पचवलं. कॅलमने त्या कवींची एक ओळ धड वाचलेली नव्हती. हे मात्र मी लपवलं.

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत आमचा संसार मांडला गेला. साइटवर मजुरांना "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, ओरडून घसा बसवून आलेला हा माणूस घरी आला की आमच्या मीराची वेणी घालतो, चहात आलं किसतो. मी ओट्याशी गुणगुणते. खुशीत असले की मी गाते, हे आप्पांना माझ्या लहानपणापासून ठाऊक. पण फोनवर ते कसं ऐकू जाणार? आणि "सुखात आहेस ना?" हे त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते विचारायचे, "जावईबापूंनी कविता केली का?"

एकदा मीराच बोलून गेली, "डॅडी डझन्ट राइट पोएम्स, आजोबा. ही बिल्ड्स वॉल्स."

आप्पांनी फोन ठेवून दिला. पुढचे दोन रविवार त्यांनी फोन उचलला नाही. मी खूप रडले. कॅलम माझ्याकडून बाराखडी शिकायला बसला.

मे महिन्यात आम्ही घरी गेलो. पडवीच्या भिंतीचा गिलावा सुटला होता. कॅलमने तो खरवडला आणि नवा चढवण्याआधी उघड्या चिऱ्यांवर कोळशाने लिहिलं: "आप्पा, तुमची मूलगी घरी गाते."

आप्पांनी चष्मा लावला. आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा लाल शाईने तपासणारा माणूस! मी घाईने म्हटलं, "थांबा, 'मु' पहिला करते."

"राहू दे गं." त्यांनी मला अडवलं. "कवींना तेवढी सूट असते."

मग त्यांनीच गिलाव्याचं घमेलं कॅलमपुढे सरकवलं.

घर कुठे, असं कोणी विचारलं की मी दुबईचा पत्ता देते. पण सकाळी ओट्याशी गाणं ओठांवर आलं की वाटतं, आप्पा पडवीत त्याच भिंतीला पाठ टेकून बसले असतील, आणि त्यांना ऐकू जात असेल.