बोटांवरचे घट्टे

चहाचा कप घेताना अनिलच्या डाव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. बोटांच्या टोकांवरचे घट्टे गेले होते. उभा जन्म गिटारवर ब्लूज-रॉक वाजवलेल्या माणसाची बोटं अशी मऊ झालेली मला बघवेनात.

कॉलेजात तो सगळ्यांत जाड तारा लावायचा, आवाज भरदार हवा म्हणून. बोटं सोलवटून निघायची. अॅम्प्लिफायर कपाटाएवढा, दोघांनी उचलावा लागे, आणि सुरू केला की हॉलच्या काचा थरथरत. पुढे पायाशी आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग वाढली, मग एकेक करून तीही गेली. "एवढ्या डब्यांतून मीच ऐकू येत नाही रे," असं तो म्हणायचा. मग तारा बारीक झाल्या. अॅम्प्लिफायर एका हातात मावू लागला. शेवटी शेवटी तर तो गिटार अर्धा स्वर उतरवूनच लावायचा. त्या सैल तारांतून सूर रेंगाळत, ओलसर होऊन यायचा.

"आता खरा पिकला हा," आम्ही मित्र म्हणायचो. त्याची बोटं आखडत चालली होती, एवढंच. हात जिथे जिथे हरला, तिथे आम्ही दाद दिली.

मी निघताना त्याने गिटार मांडीवर घेतली. अॅम्प्लिफायर आता घरात नाहीच. त्याने एक तार छेडली आणि बोटाने ताणून सूर वर चढवू पाहिला. पंख्याच्या घरघरीत काहीतरी वाजलं असावं.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.