हजेरीनंतरचा अपघात

माझ्या भाऊजींना छापखान्यात सगळे 'दहाबोटे' म्हणत. कागद कापायच्या मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत, ही तिथे नवलाईच होती. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाइंडरची तर्जनी अर्धीच उरली होती. भाऊजी मात्र बाह्या दुमडून, अंगठी-घड्याळ काढून मगच मशीनला हात लावायचे. गठ्ठा ठोकून सारखा करायचा, दोन्ही हात बाहेर घ्यायचे आणि तेव्हाच पातं खाली सोडायचं. मध्येच कुणी हाक मारली तर ओ देत नसत, मग हाक मालकाची का असेना. "पातं बहिरं असतं, म्हणून मीही बहिरा," म्हणायचे.

घरी आले की हे सगळं शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली त्यांनी छापखान्यातल्या पुठ्ठ्याची कातरण घडी घालून सारली होती आणि तिला ते 'दुरुस्ती' म्हणत. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, त्या स्टुलावरून बोलून बोलून थकली होती.

मीही थकले होते. मी विमा कंपनीच्या शाखेत काउंटरवर बसते. माणसं कुठे पडतात ते मला रोज कळतं. बाथरूममध्ये पडतात, जिन्यात पडतात, खाटेवरून उतरताना पडतात. म्हणून दरवर्षी मी भाऊजींच्या मागे लागायची, की घरीदारी कुठेही लागलं तरी चालेल अशी स्वतःची अपघाताची पॉलिसी काढा, चहाच्या खर्चात निघेल.

"मेहुणीबाई, घरात कसला अपघात? घरातला मोठा अपघात लग्नाच्या दिवशीच होऊन गेला," असं म्हणून ते ताईकडे बघायचे. ताई लाटणं उगारायची, सगळे हसायचे आणि पॉलिसी राहून जायची. कंपनीचा विमा आहेच की, हे त्यांचं शेवटचं वाक्य. तो होता, पण फाटकाच्या आतला. कामावर लागलं तर उपचार, पगार, भरपाई, सगळं मिळायचं. फाटकाबाहेर लागलं तर बिनपगारी रजा, आणि ज्याचं त्यानं निस्तरायचं.

त्यातूनच तिथे एक रीत पडून गेली होती. घरी कुणाचा पाय मुरगळला, पाठ धरली, की तो कळ सोसून दुसऱ्या दिवशी कामावर यायचा, कार्ड पंच करायचा आणि मग जिन्याशी नाहीतर गोदामात जाऊन पडायचा. बाकीचे धावायचे, साक्षी द्यायचे. 'आधी पंच, मग पंचनामा' असं हसत म्हणायचे. यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नसे. मालक फाटकाबाहेरचं दुखणं मोजत नाही ना, मग दुखणंच उचलून फाटकाच्या आत न्यायचं.

एका रविवारी दुपारी ताईनं पंखा पुसायला काढला. भाऊजी स्टुलावर चढले, हात लांबवला आणि पुठ्ठा सरकला. उजवा हात अंगाखाली सापडला. ताई म्हणते, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. हात कोपराखाली वाकला होता. ती गाडी आणायला धावली, तर हे खाली बसल्या बसल्या म्हणाले, "थांब. आधी बाइंडरला फोन लाव."

बाइंडर आला. हात बघून त्यानं तोंडानं च्च केलं.

"आज दवाखान्यात गेलास तर सगळं तुझ्या गळ्यात. ऑपरेशन, सळी, वर तीन-चार महिने पगार नाही. सकाळपर्यंत कळ काढशील?"

"काढीन."

"अहो, हाताकडे बघा तरी!" ताई ओरडली. "मोडलाय तो!"

"बघितला. घराचा हप्ता थांबणार आहे का माझ्या हातासाठी?"

बाइंडर मनानं वाईट नाही. त्याला जे येत होतं ते त्यानं जीव लावून केलं. हाताला पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या लावल्या आणि वरून बांधणीचं जाड कापड करकचून आवळलं. त्यानं बांधलेलं पुस्तक कधी सुटत नाही अशी त्याची ख्याती होती. हेही सुटलं नाही.

संध्याकाळी बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं पांढरी पडली आणि गार झाली. भाऊजी उशी दातांत धरून पडून होते. ताई कापड सैल करायला गेली की ते तिचा हात झटकायचे. उजाडता उजाडता कळ एकदम थांबली. "बघ, उतार पडला," ते ताईला म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

सकाळी त्यांनी डाव्या हातानं कार्ड पंच केलं. कागदाच्या रिळांमागे बाइंडरनं कापड कापून काढलं आणि भाऊजी गोदामाच्या पायरीशी पडले. पडणं त्यांना नीट जमलंही नाही, नुसते खाली बसले. पण बाकीच्यांनी आरडाओरडा बिनचूक केला.

दवाखान्यात डॉक्टरांनी ती निळी बोटं बघितली. "कधी लागलं?"

"आत्ता. कामावर."

"नक्की? नीट आठवून सांगा. त्यावर पुढचं ठरतं."

"नक्की," भाऊजी म्हणाले. ताई शेजारीच उभी होती. ती फरशीकडे बघत राहिली.

मी पोचले तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. डॉक्टर बाहेर आले आणि ताईला म्हणाले, "आतले स्नायू मेलेत. हे आजचं नाही, आवळलेल्या पट्टीचे वळ दिसतायत. काल आणलं असतं तर पट्टी सोडून, हाड बसवून, प्लास्टर घालून घरी पाठवलं असतं." ताईनं माझा दंड धरला. डॉक्टरांनीही पुढे विचारलं नाही, कागदावर 'कामावर लागलं' एवढंच राहिलं.

विम्याचे पैसे मात्र आले, पूर्ण आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका बिनतक्रार मंजूर झालेला दावा मी पाहिलेला नाही. हप्ते फिटले. हात राहिला, पण त्याची बोटं तळव्याकडे वळून तशीच वाळली. पेला धरता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही. छापखान्यानं त्यांना फाटकावर बसवलंय, सगळे कार्ड पंच करतात का ते बघायला. भेटायला कुणी आलं की ते हात पुढे करून म्हणतात, "दहाच्या दहा आहेत, मोजून घ्या." लोक हसतात. मला राग येतो. बाइंडरचा येतो, फाटकाचा येतो, भाऊजींचाही येतो. पण त्यांच्यासमोर तो काढता येत नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. कांदा चिरताना ताईच्या हातातली सुरी सटकली. बोट जरासं कापलं. तिनं नळाखाली धरलं, वर फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, "काही नाही गं. नाहीच थांबलं तर उद्या बघू."

'उद्या' ऐकताच भाऊजी ताडकन उठले. डाव्या हातानं त्यांनी ते फडकं ओढून फेकलं, तिचं मनगट धरलं आणि अनवाणीच तिला जिना उतरवत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. "अहो, सोडा, लोक बघतायत," ती म्हणत होती. मी दाराला कुलूप लावून मागे पळाले.

तिथल्या डॉक्टरनं बोट धुतलं आणि तो हसायलाच लागला. "एवढ्याशासाठी आलात? घरीच पट्टी बांधायची!"

"पट्टी नको," भाऊजी म्हणाले. बोलता बोलता त्यांनी तो वाळका हात टेबलावर टेकला. "घरी लागलंय, डॉक्टर. आत्ताच लागलंय. खरं सांगतोय मी."

डॉक्टरचं लक्ष त्या हाताकडे गेलं आणि त्याचं हसणं थांबलं. तरी भाऊजी तेच सांगत राहिले.