थोरल्या सुनेचा काळा कोट

अत्यंत गंभीर अंतःकरणाने जाहीर करण्यात येते की, आमच्या घराण्यातलं ‘शिकलेली सून’ हे पद माझ्याकडून काढून घेण्यात आलं. चौकशी नाही, पूर्वसूचना नाही, साधा निरोपसमारंभही नाही. रविवारी दुपारी, बांगड्याचं तिखलं चालू असताना, माझ्याच डायनिंग टेबलावर हा प्रकार घडला.

हे पद लग्नाच्या दिवसापासून माझ्याकडे होतं. मी बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, फर्स्ट क्लास! सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. कुणीही पाहुणा आला की त्या मला पुढे करून सांगायच्या, “ह्यां आमचां थोरलां. सायन्स शिकलेलां!” औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला मी, टीव्ही बिघडला तर थापट्या मारायला मी. (वनस्पतिशास्त्राचा टीव्हीशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.)

धाकटी जाऊ वृषाली बी.कॉम. तेही ऑडिटिंगचा पेपर पुन्हा देऊन. आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट झालं तेव्हा दोघा भावांना समोरासमोर फ्लॅट मिळाले. सासूबाई दुपारी माझ्याकडे जेवतात, रात्री तिच्याकडे. मध्ये एक पॅसेज आणि दोन चपलांची कपाटं. त्यामुळे आमच्याकडे मत्सराला प्रवासखर्च येत नाही.

तर त्या रविवारी वृषाली म्हणाली, “वहिनी, एक सांगायचंय. मी सीईटी पास झाले.”

“कसली गं? लेकीची ना?”

“माझी! लॉची. तीन वर्षांचं एलएलबी. कुठल्याही विषयाची पदवी चालते.”

“कुठल्याही? ऑडिटिंगमध्ये राहिलेली पण?”

“नंतर सुटले होते ना!” ती हसून म्हणाली. (हा तिचा सर्वांत मोठा दुर्गुण. टोमणा मारला की हसते. मग माणसाने मारायचा तरी कशाला?)

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “म्हणजे तू काळो कोट घालतलंस?”

“हो आई. तीन वर्षांनी.”

“गो बाय माझे!” सासूबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा! माझा फर्स्ट क्लास कळला तेव्हा एकसुद्धा बोट वाजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगची वाट लागली. म्हणजे माझी. अजून कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी वॉचमन तिला ‘वकीलबाई’ म्हणायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कबुतरांविरुद्ध काय करता येईल हे लिफ्टमध्ये तिला विचारलं. आता मला सांगा, कबुतर हा जीवशास्त्राचा विषय की नाही? मी तिथेच उभी होते! माझ्याकडे बघून काका फक्त म्हणाले, “जरा दोन नंबर दाबता का?”

आमचे हे म्हणाले, “अगं, दोन दिवस बघतोय, तोंड का वाकडं? ॲसिडिटी झाली का?”

“मला काय धाड भरलीय! मला आनंद झालाय.”

“असा?” असं म्हणून त्यांनी गोळी आणून दिली. मी घेतली. उपयोग झाला नाही.

वर्षभर सोसलं. वृषाली सकाळी सातला पाठीला सॅक लावून निघायची, दुपारी परत येऊन सासूबाईंना भारताची राज्यघटना समजावून सांगायची. सासूबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मान अशी डोलवायच्या की भजनच चाललंय! शेवटी मी कुणालाही न सांगता सीईटीचा अर्ज भरला. पुस्तक डाळीच्या डब्यामागे ठेवून अभ्यास केला. परीक्षेच्या दिवशी ‘दादरला साड्यांचा सेल आहे’ असं सांगून गेले आणि रिकाम्या हाताने परत आले, तेव्हाच खरं तर यांना संशय यायला हवा होता.

मी पास झाले! आणि प्रवेश कुठे मिळाला? तिच्याच कॉलेजात! म्हणजे माझी धाकटी जाऊ माझी सीनियर! अहो, वीस वर्षं जिला मी पुरणाचा कणकेशी कसा मेळ घालायचा ते शिकवलं, ती पहिल्या दिवशी गेटवर उभी राहून म्हणते, “वहिनी, घाबरू नका हं. काही अडलं तर मला विचारा.”

कॉलेजात सगळी बावीस-तेवीसची पोरं. कुणी बी.कॉम., कुणी इंजिनिअर, एक तर चक्क दातांचा डॉक्टर. ही सगळी वृषालीला “ए वृषाली, कँटीनला येतेस का?” असं म्हणायची आणि मला? “काकू, डब्यात काय आणलंय?” आमच्या दोघींत फक्त चार वर्षांचं अंतर आहे! घरीही न्याय नव्हता. मी कायद्याला गेल्याचं कळल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “बरां झालां. दोघी एकत्र रिक्षान जाशात.”

म्हणजे पद तिच्याकडेच! मी फक्त रिक्षात अर्धी जागा.

आणि मग ती सुवर्णसंधी आली. कॉलेजने सगळ्यांना दिंडोशीच्या कोर्टात न्यायचं ठरवलं. मागे शांत बसायचं आणि कामकाज बघायचं. वृषालीने लगेच सासूबाईंना सांगितलं, “आई, तुम्ही पण चला. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं.”

सासूबाई येणार! दोन्ही सुना एकाच वेळी, एकाच कोर्टात, त्यांच्या डोळ्यांपुढे! मी ठरवलं, त्या दिवशी या बाईंना प्रश्नच पडता कामा नये की घरात खरी वकील कोण.

मी बोरिवलीला जाऊन काळा कोट घेतला. दुकानदाराने विचारलं, “मॅडम, बँड भी दूँ?” बँड म्हणजे वकिलांच्या गळ्याशी असतात त्या दोन पांढऱ्या पट्ट्या.

“हां, दे दो.”

“प्रॅक्टिस किधर, मॅडम?”

“अभी तो घरमें ही,” मी म्हटलं. खोटं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी पॅसेजमध्ये आले तेव्हा वृषाली साधा पांढरा पंजाबी ड्रेस घालून उभी. मला बघून तिचे डोळे पांढरे झाले.

“वहिनी, हे काय? बँड काढा आधी! वकिलीची सनद मिळेपर्यंत आपल्याला घालता येत नाही. फक्त वकील घालतात.”

मेली जळते, मी मनात म्हटलं. इतकं बरं वाटलं! त्या रविवारनंतर पहिल्यांदाच ॲसिडिटी थांबली.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “अरे देवा! थोरलां कसां खराखुरा वकील दिसता!” मग वळून, “गो वृषाली, तुझो कोट खंय?”

संपलं! आता ब्रह्मदेव आला असता तरी तो बँड माझ्या गळ्यातून निघाला नसता.

कोर्टाच्या आवारात पाऊल ठेवलं आणि कळलं की कोटात काय जादू असते. गर्दी बाजूला होत होती! एक गृहस्थ धावत आले. “मॅडम, ॲफिडेव्हिटला काय काय लागेल?”

“आधी सगळ्याच्या झेरॉक्स काढा,” मी म्हटलं. (आपल्या देशात हे उत्तर कधीच चुकत नाही.) गृहस्थ ‘थँक यू मॅडम’ म्हणत पळाले. मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले.

“वहिनी, प्लीज,” वृषाली कुजबुजली, “गंमत नाहीये ही.”

“तुला पण घेऊन देईन हं कोट. सनद मिळाल्यावर,” मी म्हटलं.

कोर्टरूममध्ये शिरलो. आमचे प्राध्यापक दारात मुलं मोजण्यात गुंतले होते. मुलं मागच्या बाकांकडे वळली, मीही वळणार होते, पण दारातल्या शिपायाने माझा बँड बघितला आणि अदबीने म्हणाला, “मॅडम, तिकडे कुठे? पुढे या.” मला थेट वकिलांच्या खुर्च्यांत नेऊन बसवलं! खरं सांगते, मला तेव्हा उठायला हवं होतं. पण मागे वळून बघितलं तर सासूबाई शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या आणि त्यांच्या ओठांची हालचाल मला लांबूनही ओळखता आली. ‘आमचां थोरलां.’

पद परत आलं होतं! मी पायावर पाय टाकला. मागून वृषाली दोन्ही हातांनी खाणाखुणा करत होती. मी तिला मंद स्मित दिलं.

दोन शेजाऱ्यांचं बाल्कनीच्या जाळीवरून भांडण पुकारलं गेलं. एका बाजूचे वकील ताडकन उठले. दुसऱ्या बाजूने कुणीच नाही. जज मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “प्रतिवादीतर्फे कोण?”

मागच्या रांगेतून एक म्हातारे आजोबा काठी टेकत उठले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, आमचे वकील अडकलेत. म्हणाले, जूनियर मॅडमना पाठवतो.” मग त्यांनी पुढच्या खुर्च्यांवर नजर फिरवली. काळ्या कोटातली, बँड लावलेली, बिनकामाची बसलेली मॅडम तिथे एकच होती. “ह्याच असतील,” असं म्हणून त्यांनी भलीमोठी फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि वर आशीर्वाद दिला, “पोरी, जाळी वाचव.”

मी उभी राहिले. का राहिले, देव जाणे! पाय आपोआप उभे राहिले. समोरचे वकील माझ्याकडे बघतायत, शिपाई बघतोय, आजोबा आशेने बघतायत, मागे सासूबाईंनी तर हात जोडले. डोक्यात कायद्याचं एक कलम येईना. जे आलं ते सगळं वनस्पतिशास्त्र. एकदल, द्विदल, मूळ, खोड, पान.

(खरी जूनियर मॅडम दोनच मिनिटांत धापा टाकत आली, आमच्या प्राध्यापकांनी हात जोडून माफी मागितली, आणि जज मॅडमनी मला फार न रागावता बँड काढायला लावला, हे सगळं नंतरचं. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.)

“मॅडम,” जज म्हणाल्या, “बोला. तुम्ही कोणातर्फे आहात आणि कोणाविरुद्ध?”

अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मला खरोखरच माहीत नव्हतं. पण उरलेल्या अर्ध्याचं केव्हापासून पाठ होतं, आणि तेच भरल्या कोर्टात, खणखणीत आवाजात बाहेर पडलं.

“कोणातर्फे ते माहीत नाही मॅडम, पण विरुद्ध माझ्या जावेच्या!”